राष्ट्रीय नामनोंदणीचे दप्तर : ‘डॉट इन’पासून ‘डॉट भारत’पर्यंत

१. नाव आणि पत्ता

गावाचे नाव आणि गावाचा पत्ता या दोन गोष्टी नित्य व्यवहारात एकच मानल्या जातात. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्या निराळ्या आहेत. नाव लोकांच्या तोंडी घडते आणि पिढ्यान्‌पिढ्या झिजत, बदलत चालते. पत्ता कोणत्या तरी दप्तरात कोणी तरी अधिकाराने लिहिलेला असतो, आणि तो बहुधा लिहिणाऱ्याच्या सोयीने ठरतो. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील वरठी हे गाव या भेदाचे चांगले उदाहरण होय. हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील येथील स्थानक रेल्वेच्या दप्तरात ‘भंडारा रोड’ या नावाने नोंदले गेले आहे. जिल्ह्याचे ठिकाण लोहमार्गापासून दूर असल्यामुळे तेथे जाणाऱ्या उतारूने कोठे उतरावे, हे सांगणे रेल्वेला अगत्याचे होते. ज्या भूमीवर स्थानक उभे राहिले त्या गावाचे नाव सांगणे तितके अगत्याचे नव्हते. नाव वरठीचे राहिले, पत्ता भंडाऱ्याचा झाला.

टपालखात्यापुढे हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने उभा राहिला. एकाच नावाची अनेक गावे, एकाच गावाच्या नावाची अनेक लेखने आणि अनेक लिप्यांतून लिहिलेली पाकिटे यांमुळे होणारा घोटाळा टाळण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिन क्रमांकाची पद्धती सुरू करण्यात आली. या योजनेचे शिल्पकार श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे व्यासंगी पंडित आणि कवी होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. भाषेचा मर्म जाणणाऱ्या माणसाने भाषांच्या गोंधळावर जो उपाय योजिला तो भाषेला वळसा घालणारा, म्हणजे अंकांचा होता. पहिल्या अंकाने विभाग, त्यापुढील अंकांनी उपविभाग व वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटच्या अंकांनी टपालघर, अशी ही उतरंड आहे. ‘४४’ हे पहिले दोन अंक दिसले की पत्र विदर्भाकडे वळते. पाकिटावरील गावाचे नाव कोणत्या लिपीत आहे, हे तेथवर कोणाला वाचावे लागत नाही.

संगणकांच्या जगात या इतिहासाचा क्रम उलटा झाला. तेथे अंक आधी होते आणि नावे मागाहून आली. प्रत्येक संगणकाला अंकांचा पत्ता असतो. परंतु अंक माणसाच्या स्मरणात राहत नाहीत, म्हणून त्यांवर नावांचे आवरण घालावे लागले. नाव आणि अंक यांची सांगड कोठे तरी लिहून ठेवणे मग अपरिहार्यच झाले. ज्या दप्तरात ती एखाद्या देशापुरती लिहिली जाते ते त्या देशाच्या नामनोंदणीचे दप्तर, आणि ते सांभाळणारी संस्था ती राष्ट्रीय नोंदणीसंस्था होय. भारतातील या दप्तराचा आरंभ मुंबईत झाला, आणि त्यातील देवनागरी अक्षरांचे नियम घडविण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. म्हणून महाराष्ट्रातील अभ्यासकांनी या विषयाकडे केवळ तंत्रज्ञांचा विषय म्हणून पाहणे इष्ट नाही. या दप्तराचे स्वरूप काय, ते कोणाकडून कोणाकडे गेले, आणि मराठी लेखनावर त्याचा परिणाम कोणता, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात योजिला आहे.

२. मूळ दप्तर आणि विश्वस्ताची कल्पना

आरंभी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावरील सर्व संगणकांची नावे एकाच यादीत मावत असत. ही यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत, एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ठेवली जाई, आणि जाळ्यावरील प्रत्येक संगणक तिची प्रत वेळोवेळी उतरून घेई. संगणकांची संख्या वाढली तशी यादी लांबली; प्रती जुन्या पडू लागल्या; एकच नाव दोघांनी मागण्याचे प्रसंग आले. तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नामव्यवस्थेची नवी रचना मांडली. तिचे मर्म एका शब्दात सांगावयाचे तर ते ‘वाटणी’ हे होय. सर्व नावे एका ठिकाणी न लिहिता, कोणत्या नावांची यादी कोणाकडे आहे एवढेच वरच्या दप्तरात लिहावयाचे, आणि प्रत्यक्ष नोंद खालच्या दप्तरावर सोपवावयाची, अशी ही योजना आहे.

भंडारा जिल्ह्याच्या शासकीय संकेतस्थळाचे नाव घेतले म्हणजे ही उतरंड स्पष्ट होते. ‘भंडारा’, ‘गव्ह’, ‘इन’ असे तीन घटक त्यात टिंबांनी जोडलेले आहेत. वाचताना आपण डावीकडून उजवीकडे जातो. यंत्र उजवीकडून आरंभ करते. सर्वांत वरचे मूळ दप्तर, ज्याला रूट म्हणतात, ‘इन’ची नोंद कोठे आहे ते सांगते. ‘इन’चे दप्तर ‘गव्ह’ या शाखेचा ठाव देते. शासकीय शाखेचे दप्तर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे आहे. ते ‘भंडारा’ या नावापुढील अंक शेवटी सांगते. टपालाच्या पिन क्रमांकाप्रमाणे येथेही पायरीपायरीने उतरावयाचे असते. भेद इतकाच, की पिनची सर्व उतरंड एकाच खात्याच्या हाती आहे. नावांच्या उतरंडीत प्रत्येक पायरीवर निराळा दप्तरदार बसलेला आहे.

देशांना या उतरंडीत स्थान मिळाले ते १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये जॉन पोस्टेल व जॉइस रेनल्ड्स यांनी प्रसिद्ध केलेल्या नियमपत्राने. देश कोणता आणि त्याचा संकेत कोणता, हा वाद अंगावर न घेता आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची दोन अक्षरी देशसंकेतांची तयार यादी त्यांनी स्वीकारली. या धोरणात मोठे शहाणपण होते. राष्ट्रे उदयास येतात आणि लयास जातात. दप्तरदाराने त्यांचा न्याय करू नये, हे पोस्टेल यांनी जाणले होते. तरीही दप्तर आणि राज्य यांची पावले नेहमी बरोबर पडत नाहीत. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला, तथापि त्याचा ‘एसयू’ हा संकेत त्यानंतरही दशकानुदशके नावांच्या शेवटी झळकत राहिला. उलट युगोस्लाव्हियाचा ‘वाययू’ हा संकेत २०१० मध्ये मूळ दप्तरातून काढून टाकण्यात आला.

मार्च १९९४ मध्ये पोस्टेल यांनी प्रसिद्ध केलेले १५९१ क्रमांकाचे नियमपत्र या विषयातील सर्वांत महत्त्वाचे साधन होय. देशाच्या संकेताखालील नावांचा व्यवस्थापक हा त्या देशातील जनतेचा आणि जगातील सर्व इंटरनेट-समाजाचा विश्वस्त आहे, असे त्यात प्रतिपादिले आहे. या संकेतावर हक्क वा मालकी सांगणे गैर असून जबाबदारी व सेवा यांचीच भाषा येथे योग्य, असाही त्याचा आशय आहे. मध्यप्रांताच्या महसुली इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकांना हा भेद समजावून सांगावा लागणार नाही. त्या प्रांतात मोडणाऱ्या भंडारा जिल्ह्यात गावावर मालगुजाराचा मालकी हक्क चाले आणि गावाची नोंद पटवारी ठेवी. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली. पटवाऱ्याचे दप्तर मात्र राहिले, कारण मालक बदलला तरी नोंदीची गरज बदलत नाही. पोस्टेल यांच्या दृष्टीने राष्ट्रीय नोंदणीसंस्था ही मालगुजार नव्हे, पटवारी होय. परंतु जमिनीच्या इतिहासाने आणखी एक गोष्ट शिकविली आहे. ज्याच्या हाती नोंद असते त्याच्या हाती, कायद्याने नसले तरी व्यवहारात, पुष्कळ सत्ता असते. नामनोंदणीचा पुढील इतिहास या दोन सत्यांच्या ओढाताणीचा इतिहास आहे.

३. मुंबईचा कालखंड : १९८९ ते २००४

भारतातील संगणकजाळ्याचा आरंभ १९८६ मध्ये झाला. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक व संशोधन जाळे उभारले. पाच भारतीय तंत्रज्ञान संस्था, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र या त्यातील प्रमुख सहभागी संस्था होत. हे मुंबईचे केंद्र, जे एन. सी. एस. टी. या आद्याक्षरांनी अधिक ओळखले जाई, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणकविषयक कार्यातून १९८५ च्या सुमारास स्वतंत्र झाले आणि जुहू येथे वसले. श्रीनिवासन रमाणी हे त्याचे संचालक होते. देशातील संस्थांची पत्रे परदेशी पोहोचविणारा आणि परदेशची पत्रे देशात आणणारा दरवाजा याच केंद्रात होता. १९८९ मध्ये मुंबई आणि अमेरिकेतील व्हर्जिनिया यांना जोडणारी सेकंदाला ९६०० बिट वाहून नेणारी भाड्याची तार कार्यान्वित झाली. आजच्या मानाने हा वेग नगण्य होय. परंतु देशातील विद्यापीठीय पत्रव्यवहाराचा भार त्या एका तारेने वाहिला.

याच वर्षी, ८ मे १९८९ रोजी, ‘इन’ हा भारताचा संकेत मूळ दप्तरात नोंदला गेला. जे केंद्र पत्रांचा दरवाजा होते त्याच्याकडेच नावांचे दप्तर आले, हे स्वाभाविकच होते. त्या काळी नामनोंदणी हा व्यवसाय नव्हता. तो विद्वानांच्या परस्परविश्वासावर चाललेला उपक्रम होता. नाव मागणारी संस्था कोणती आहे हे नोंदणाऱ्याला बहुधा ठाऊकच असे. थेट ‘इन’खाली नाव मिळत नसे. संस्थेच्या प्रकारानुसार शाखा पाडलेल्या होत्या : शैक्षणिक संस्थांना ‘एसी’, संशोधनसंस्थांना ‘रेस’, शासनाला ‘गव्ह’, सैन्यदलाला ‘मिल’, व्यापारी मंडळ्यांना ‘को’. ज्याने जे नाव मागावे त्याचा त्या नावाशी संबंध आहे की नाही, हे कागदपत्रांवरून पाहिले जाई. या शाखांची रचना पाहता ती एका विशिष्ट समाजचित्राची साक्ष देते. त्या चित्रात विद्यापीठ आहे, प्रयोगशाळा आहे, सरकार आहे, कंपनी आहे. एकटा नागरिक मात्र दाराशी उभा आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली आणि या व्यवस्थेची कसोटी लागली. देशात उद्योग वाढत होते, संकेतस्थळे उघडत होती. परंतु पुष्कळ भारतीय मंडळ्या ‘डॉट कॉम’कडे वळल्या, कारण तेथे कागदपत्रे न मागता पैसे घेऊन तत्काळ नाव दिले जाई. १९९२ ते २००४ या बारा वर्षांत ‘इन’च्या दप्तरात सुमारे ७००० नावेच नोंदली गेली. मुंबईतील नोंदणारे आपल्या कर्तव्यात उणे पडले, असा अर्थ या आकड्यावरून काढणे अन्यायाचे होईल. विश्वस्ताने कडक राहावे की सुलभ व्हावे, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर एका निराळ्या काळाला अनुरूप होते, एवढेच त्यावरून दिसते. कडकपणामुळे नावांची लूट झाली नाही. पण देशाचा संकेत देशवासियांच्या अंगवळणीही पडला नाही.

नावे ही केवळ पत्ते नसून त्यांना मोल आहे, ही जाणीव या काळात प्रथम न्यायालयांनी व्यक्त केली, आणि तिचाही एक महत्त्वाचा टप्पा मुंबईतच आहे. ‘रेडिफ’ या नावाशी मिळतेजुळते ‘रॅडिफ’ हे नाव दुसऱ्याने घेतल्यावरून झालेल्या दाव्यात १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, डोमेन नाव हे इंटरनेटवरील पत्त्याहून अधिक काही असून त्याला संरक्षण मिळाले पाहिजे, असे मत दिले. एका स्वराच्या फरकावर उभा असलेला हा दावा भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष उद्बोधक वाटेल. कोणते ध्वनिभेद अर्थभेदक आहेत, हा वर्णविचाराचा प्रश्न येथे बाजारपेठेतील नावाच्या हक्काचा प्रश्न बनून न्यायासनापुढे आला. २००४ मध्ये ‘सत्यम इन्फोवे’च्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानेही डोमेन नावांना व्यापारचिन्हांच्या तत्त्वांनी संरक्षण देता येते, हे स्पष्ट केले.

४. दप्तराचे हस्तांतर आणि नोंदणीसंस्थेची कार्ये

दरम्यान १९ जून २००३ रोजी ‘नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया’, म्हणजेच ‘निक्सी’, ही नफ्यासाठी न चालणारी कंपनी स्थापन झाली. देशातील वाहतूक देशातच एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात वळविता यावी, हा तिचा मूळ हेतू. एन. सी. एस. टी. हे केंद्र याच सुमारास पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेत विलीन झाले होते. शासनाच्या नव्या धोरणानुसार २००४ च्या अखेरीस ‘इन’चे दप्तर निक्सीकडे देण्यात आले. २००५ च्या जानेवारीत व्यापारचिन्हांच्या धारकांना प्रथम संधी देऊन, १६ फेब्रुवारी २००५ पासून थेट ‘इन’खालील नावे सर्वांना खुली झाली. विक्रीचे काम मान्यताप्राप्त रजिस्ट्रार कंपन्यांकडे गेले. परिणाम तत्काळ दिसला : २०१० च्या मार्चपर्यंत नावांची संख्या ६ लाख १० हजारांच्या वर गेली.

या टप्प्यावर नोंदणीसंस्थेच्या कार्यांची वर्गवारी करणे उपयुक्त होईल. पहिले कार्य नोंद ठेवण्याचे : कोणते नाव, कोणाचे, कोणत्या मुदतीपर्यंत. दुसरे प्रकाशनाचे : ही नोंद जगातील कोणत्याही यंत्राला क्षणात वाचता येईल अशी अहोरात्र उपलब्ध ठेवणे. या कामात खंड पडला तर संकेतस्थळे शाबूत असूनही ती कोणाला सापडणार नाहीत. यावरून या कार्याचे गांभीर्य ध्यानी येईल. तिसरे नियमनाचे : कोणती नावे द्यावीत, कोणती राखून ठेवावीत, कोणत्या अक्षरांनी ती लिहावीत. चौथे तंटानिवारणाचे : ‘इन’खालील नावांच्या वादांसाठी स्वतंत्र धोरण असून त्यानुसार १९९६ च्या लवाद कायद्याच्या चौकटीत लवाद नेमला जातो. पाचवे शाखांची वाटणी करण्याचे : शैक्षणिक शाखा अर्नेटकडे, शासकीय शाखा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे, आणि २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बंधनकारक केलेली ‘बँक डॉट इन’ ही शाखा हैदराबादच्या आय. डी. आर. बी. टी. या संस्थेकडे.

या शेवटच्या शाखेचा इतिहास थोडक्यात पाहण्याजोगा आहे. बँकेच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन ठेवीदारांना फसविण्याचे प्रकार वाढल्यामुळे, फक्त बँकांनाच मिळेल अशी ही राखीव शाखा काढण्यात आली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी तेथे स्थलांतर करावे, असे ठरविण्यात आले. म्हणजे २००५ मध्ये ज्या कडक पडताळणीचा त्याग करण्यात आला होता, तीच वीस वर्षांनी एका शाखेपुरती परत आणावी लागली. मुंबईच्या जुन्या दप्तरदारांची सावधगिरी कालबाह्य झाली होती. निरर्थक झाली नव्हती.

दप्तराची मालकी आणि दप्तर चालविण्याचे यंत्रकाम हे दोन्ही एकाच हाती असते असे नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. निक्सीने यंत्रकाम आरंभापासून कंत्राटाने दिले : प्रथम अफिलियास या कंपनीकडे, २०१९ पासून न्यूस्टारकडे, २०२० मध्ये न्यूस्टारचा हा व्यवसाय गोडॅडीने घेतला, २०२४ मध्ये टुकाउज या कॅनडातील कंपनीची निवड झाली. चालविणारे बदलले, पण नाव घेऊन बसलेल्या ग्रंथालयाला, पतपेढीला वा विद्यापीठाला आपले नाव बदलावे लागले नाही. नोंदणीसंस्था आपले काम नीट करीत आहे याची खूण हीच, की ती असल्याची जाणीव कोणाला होत नाही.

५. लिपीचा प्रश्न

येथवरचा इतिहास रोमन अक्षरांतील नावांचा झाला. मूळ व्यवस्थेत नाव लिहिण्यास इंग्रजीची सव्वीस अक्षरे, दहा अंक आणि एक संयोगचिन्ह एवढीच सामग्री होती. मोठ्या व लहान अक्षरांत भेद मानला जात नसे. मराठी नावांची यात कशी ओढाताण होते, हे पाहण्यासाठी ‘वरठी’ हेच नाव पुरेसे आहे. रोमन लिपीत त्याचे लेखन कोणी ‘व्ही’ने करतो, कोणी ‘डब्ल्यू’ने. ‘टीएच’ या जोडीने ‘ठ’ही दाखविला जातो आणि ‘थ’ही. त्यामुळे रोमन लेखन पाहणारा परका वाचक ‘वरठी’, ‘वर्थी’, ‘वारठी’, ‘वार्थी’ यांपैकी काहीही वाचू शकतो. मूर्धन्य वर्ण मोठ्या अक्षराने आणि दन्त्य वर्ण लहान अक्षराने दाखविण्याची जी युक्ती संगणकावर रूढ झाली आहे, ती डोमेन नावात निष्प्रभ ठरते, कारण दोन्ही अक्षरे दप्तराला सारखीच. मूर्धन्य–दन्त्य, ऱ्हस्व–दीर्घ आणि अल्पप्राण–महाप्राण हे मराठी वर्णव्यवस्थेचे जे आधारस्तंभ, त्यांपैकी पहिल्या दोहोंना या दप्तरात जागाच नव्हती.

स्वलिपीतील राष्ट्रीय संकेतांना ऑक्टोबर २००९ मध्ये मान्यता मिळाली. भारताने मागितलेले सात लिप्यांतील संकेत २०११ मध्ये मूळ दप्तरात दाखल झाले आणि २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील ‘डॉट भारत’ सर्वांस खुला झाला. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि देवनागरीत लिहिली जाणारी सिंधी या आठ भाषांना मिळून हा एक संकेत आहे. संस्कृतसाठी ‘भारतम्’ आणि संताळीसाठी ‘भारोत’ असे स्वतंत्र संकेत मागाहून घेण्यात आले. संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदात देशाची ‘इंडिया’ आणि ‘भारत’ अशी दोन नावे शेजारी शेजारी आहेत. नामनोंदणीच्या दप्तरात त्यांतील पहिले १९८९ मध्ये आणि दुसरे त्यानंतर दोन दशके उलटल्यावर आले.

मात्र देवनागरी मूळ दप्तरात शिरली असे म्हणताना थोडे सावध राहिले पाहिजे. जुनी यंत्रणा मोडू नये म्हणून स्वलिपीतील प्रत्येक नावाचे एका ठरीव रीतीने रोमन सांकेतिक रूप केले जाते आणि दप्तरात तेच लिहिले जाते. ‘भारत’ या शब्दाचे दप्तरातील रूप ‘एक्सएन’, त्यापुढे दोन आडव्या रेघा आणि मग ‘एच२बीआरजे९सी’ असे आहे. वाचकाला दिसणारी देवनागरी ही या रूपाची पडद्यावर केलेली पुनर्रचना होय. लिप्यंतराचा हा फेरा बिनचूक व्हावा म्हणून एका लेखनाचे एकच सांकेतिक रूप असले पाहिजे. मराठी लेखनाच्या खऱ्या अडचणी येथून पुढे सुरू होतात.

त्यांतील सर्वांत बोधप्रद अडचण अर्ध्या ‘र’ची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खिंडी. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतही असाच भेद आहे. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा अर्धा ‘र’. मराठीत हा भेद अर्थभेदक असून ‘कऱ्हाड’, ‘कऱ्हा’ यांसारख्या स्थळनामांत व नदीनामांत तो रूढ आहे. संगणकाच्या अक्षरसंचात हा अर्धा ‘र’ लिहिण्याच्या दोन रीती प्रचारात आल्या. एकीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह योजतात. दुसरीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर हलन्त करून योजतात. कागदावर दोहोंचे फळ एकच. परंतु स्वलिपी-नावांच्या २००३ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने अदृश्य चिन्हे गाळून टाकण्याचे ठरविले होते. ती गाळताच पहिल्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’ दप्तरात ‘दर्या’ होऊन बसत, म्हणजे डोंगरावर जाणारा वाटसरू समुद्रावर पोहोचे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमावलीने हलन्तानंतर या चिन्हांना सशर्त वाव दिला. परंतु मूळ दप्तरासाठीच्या अधिक कडक नियमांत ती वर्ज्यच राहिली. तेव्हा ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर राखले जाणे, हाच मराठीच्या बचावाचा मार्ग होता. भारतीय लिप्यांच्या अभ्यासकमंडळाने तयार केलेला देवनागरीचा नियमसंच २०१९ मध्ये मूळ दप्तरासाठी स्वीकारण्यात आला, त्यात या अक्षराला अर्ध्या रूपापुरते स्थान मिळाले. ज्या अक्षराला बालबोध वर्णमालेत वेगळे घर नाही, त्याच्या आश्रयाने मराठीचा एक अर्थभेदक वर्ण येथे टिकून राहिला, ही घटना लिपीच्या इतिहासात नोंदण्यासारखी आहे.

दुसरी अडचण इंग्रजी शब्दांतून मराठीत स्थिरावलेल्या ‘अॅ’ या स्वराची. मराठीत तो ‘अ’वर चंद्र देऊन लिहितात, हिंदीत ‘ए’वर. मराठी रूपाला जागतिक अक्षरसंचात स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. महाराष्ट्र शासनाच्या प्रमाणित वर्णमालेत हा स्वर २००९ च्या निर्णयाने आला. त्यापूर्वी कोणी हिंदीचे अक्षर योजी, कोणी ‘अ’ला निराळे चंद्रचिन्ह जोडी. डोळ्यांना सारखी दिसणारी ही लेखने यंत्राच्या लेखी निराळी. अशा ठिकाणी नोंदणीसंस्थेला ठरवावे लागते : एक लेखन ग्राह्य मानून बाकीची त्याज्य ठरवावयाची, की सर्व समानार्थी मानून एकाच धारकाच्या नावे राखावयाची.

या नियमांची बरीच घडण पुण्याच्या सी-डॅकमधील भारतीय लिपिविभागात झाली. स्वरावर मात्रा चढू नये, हलन्त केवळ व्यंजनालाच लागावा, अनुस्वार स्वरहीन व्यंजनावर बसू नये, अशा तऱ्हेचे अक्षरघटनेचे नियम तेथे सूत्रबद्ध करण्यात आले. आपल्या प्रातिशाख्यकारांनी आणि व्याकरणकारांनी ज्या अक्षराची व्याख्या उच्चाराच्या अंगाने केली, त्याचीच ही लेखनाच्या अंगाने केलेली, यंत्राला कळेल अशी पुनर्व्याख्या होय. या पुनर्व्याख्येत उच्चाराला मुळीच वाव नाही. ‘वरठी’ हे नाव उच्चारताना मधला अकार लुप्त होतो आणि कानाला ‘वर्ठी’ असेच ऐकू येते. परंतु दप्तरात ‘वरठी’ आणि ‘वर्ठी’ ही दोन वेगळी नावे असून ती दोन वेगळ्या धारकांना मिळू शकतात. रोमन दप्तराने वर्णांचे भेद पुसले होते. देवनागरी दप्तर उच्चारात नसलेले भेदही उभे करू शकते.

६. उपसंहार

मराठी शुद्धलेखनाच्या इतिहासात १९६२ चे साहित्य महामंडळाचे चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यांची झालेली अठरा ही संख्या हे मान्य टप्पे होत. त्या नियमांवर वाद झाले, लेख लिहिले गेले, परिसंवाद भरले. आणि नियम झाल्यावरही जुन्या वळणाने लिहिणाऱ्याचे लेखन कोणी अदृश्य केले नाही. नामनोंदणीच्या दप्तरातील नियमांचे तसे नाही. तेथे जे लेखन बसत नाही ते अशुद्ध ठरत नाही; ते अस्तित्वातच येत नाही. इतका कडक लेखननियम मराठीने पूर्वी पाहिलेला नाही, आणि तरीही तो घडत असताना मराठीच्या विद्यापीठीय जगात त्याची चर्चा फारशी झाली नाही. तज्ज्ञांनी काम चांगले केले. ते पाहण्यास, तपासण्यास आणि प्रसंगी आक्षेप घेण्यास भाषेचे अभ्यासक पुरेशा संख्येने उपस्थित नव्हते.

स्वलिपीतील नावांचा प्रसार अद्याप मर्यादित आहे, याचीही कारणे दप्तराबाहेर आहेत. पुष्कळ प्रणाली देवनागरी पत्ता अवैध म्हणून परत करतात. देवनागरी ई-पत्त्यांसाठीची मानके २०१२ मध्ये सिद्ध झाली असली तरी अर्ज भरून घेणारी संकेतस्थळे ती पाळतातच असे नाही. म्हणून नाव स्वलिपीत घेणारा बहुधा दुसरे रोमन नावही सोबत बाळगतो. यावरून देवनागरी नावे अनावश्यक आहेत असा निष्कर्ष काढणे म्हणजे १९७२ पूर्वी पिन क्रमांक नव्हता म्हणून तो नको होता, असे म्हणण्यासारखे होईल. पायाभूत दप्तराची उपयुक्तता त्याच्या आरंभीच्या गर्दीवरून ठरत नाही.

राष्ट्रीय नोंदणीसंस्थेचे स्थान या सर्व विवेचनावरून असे दिसते. ती नावांची मालक नाही, परंतु केवळ कारकूनही नाही. नोंद ठेवता ठेवता ती कोणाला दार उघडावे हे ठरविते, कोणते साम्य फसवे ते ठरविते, आणि आता कोणते अक्षर अक्षर म्हणून गणावे हेही ठरविते. पहिल्या दोन निर्णयांवर न्यायालये आणि लवाद लक्ष ठेवून आहेत. तिसऱ्यावर लक्ष ठेवण्याचे काम कोणत्याही न्यायासनाचे नाही. ते भाषाशास्त्राच्या आणि मराठीच्या विभागांचे आहे. देवनागरीच्या नियमसंचातील प्रत्येक बंधन मराठीच्या प्रत्यक्ष लेखनाशी, विशेषतः स्थळनामे आणि आडनावे यांच्याशी ताडून पाहणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आणि प्रबंधाच्या योग्यतेचे संशोधन आहे. जिल्ह्यागणिक गावांच्या नावांची यादी घेऊन त्यांतील किती नावे या नियमांनी जशीच्या तशी लिहिता येतात आणि किती अडतात, हे मोजले तरी पुष्कळ प्रश्नांची उत्तरे मिळतील. रेल्वेने पाटी लिहिली तेव्हा गावाला विचारण्याची रीत नव्हती. हे नवे दप्तर मात्र अजून लिहिले जात आहे, आणि त्याचे नियम दुरुस्त होऊ शकतात.